दोन खुणांच्या मधलं तेल

हौशी : पुस्तकातलं माप आता माझ्या गाडीला लागू नाही, काका. डीपस्टिकवरच्या दोन खुणा कंपनीनं कंपनीच्या गाडीसाठी केल्या. माझी स्विफ्ट डिझेल आहे, एमएच-२२ पासिंगची, फियाटकडून आलेल्या १२४८ सीसीच्या इंजिनाची. मूळ ताकद ७५ पीएस. त्यावर मोठा टर्बो चढवलाय, रिमॅप केलाय, पुढच्या जाळीमागे ऑइल कूलर बसवलाय, ब्रीदरला कॅच कॅन जोडलाय. इंजिनाला मुळात तेल लागतं तीन लिटरच्या आसपास, आणि आता नुसत्या कूलरमध्ये आणि त्याच्या नळ्यांमध्ये पाऊण लिटर जातं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पाथरीहून मानवतमार्गे परभणीला येताना पारा ४३-४४ वर असतो. रस्त्यावरची हवाच एवढी तापलेली, तर कूलर तरी तेलाला किती गार करणार? तेल जितकं जास्त, तितकं ते सावकाश तापतं. म्हणून मी वरच्या खुणेच्या थोडं वर ठेवतो. टर्बोला तेल कमी पडलं तर तो गेलाच. जास्त झालं तर फार तर काय होईल?

शंकेखोर : फार तर काय होईल, तेच आधी बघू. कारण हे तू एकटा म्हणत नाहीस. वसमत रोडला नाहीतर जिंतूर रोडला एखाद्या गॅरेजात तासभर बस. तीन लिटरच्या इंजिनासाठी साडेतीन लिटरचा डबा फुटतो. उरलेलं तेल गिऱ्हाईक घरी नेऊन काय करणार, आणि मिस्तरी तरी कुठं सांभाळणार? मग ‘तेलानं कधी इंजिन मेलंय का’ म्हणत नरसाळ्यातून सगळा डबा आत. जुन्या ट्रॅक्टरला, जुन्या जीपला हे खपून गेलं. त्यांचे फेरे कमी, खालचं तेलाचं चेंबर मोठं, टर्बो नाही. तुझ्या इंजिनात क्रँकशाफ्ट मिनिटाला चार हजार फेरे घेतो आणि त्याची वजनं चेंबरमधल्या तेलाच्या थोडीशीच वरून फिरतात. पातळी चढली की ती वजनं तेलात बुडतात आणि रवीनं ताक घुसळावं तसं तेल घुसळून निघतं. फेस होतो. पंपाला तेल आणि फेस यातला फरक कळत नाही; समोर येईल ते तो ओढतो आणि पुढं ढकलतो. बेअरिंगमध्ये तेलाचा थर असतो काही मायक्रॉनचा. त्यात हवेचे बुडबुडे शिरले की थर तुटतो. म्हणजे तेल कमी पडलं तर जे होईल म्हणून तू घाबरतोस, नेमकं तेच जास्त तेलानं होतं. टर्बोच्या वाट्याला हवा येते.

हौशी : फेस होतो हे मान्य. पण किती वर गेल्यावर? वरची खूण कंपनी अगदी कड्यावर मारत नाही. मिस्तरी डबा रिकामा करणार, गिऱ्हाईक उतारावर गाडी लावून बघणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. खूण आणि क्रँक यांच्यात ती अंतर ठेवतेच. मी त्या राखीव जागेतला थोडा भाग वापरतो, एवढंच. आणि हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. रेसिंगवाले काही इंजिनांत मुद्दाम अर्धा लिटर जास्त घालतात. जोरात वळताना, करकचून ब्रेक मारताना सगळं तेल चेंबरच्या एका कडेला जातं, पंपाचं शोषणाचं तोंड उघडं पडतं आणि क्षणभर पंप हवा ओढतो. ट्रॅकवरची कितीतरी इंजिनं त्या क्षणभरात बसली आहेत. म्हणून चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करतात, म्हणून तेल जास्त ठेवतात. फेसाळलेलं तेल वाईटच. पण तेलच नसणं त्याहून वाईट. दोन वाईटांतलं एक घ्यायचं तर मी पहिलं घेईन.

शंकेखोर : ट्रॅकवरचं औषध तू आपल्या रस्त्याला लावतोयस. आपल्याकडं तशी वळणं आहेत कुठं? राष्ट्रीय महामार्ग ६१ धर, सपाट काळ्या रानातून सरळ जातो. थोडी चढउतार बघायची तर जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या बाजूला जावं लागतं. आपल्याकडं तेल हलतं ते गावागावातल्या बिगरपट्ट्याच्या गतिरोधकांपुढं ब्रेक मारताना, तेही दोन सेकंद. तुझ्या गाडीवर भार येतो तो वेगळ्या तऱ्हेचा: भर दुपारी, एसी चालू, चार माणसं बसलेली आणि तासभर एकसारखा वेग. तिथं पातळी जास्त असण्याचा काही फायदा नाही, तोटा मात्र आहे.

आणि टर्बोचं दुखणं निराळंच आहे. टर्बोत तेल जातं पंपाच्या जोरावर, पण परत येतं ते स्वतःच्या वजनानं. त्याची परतीची नळी जाड असते, खाली उतरत येते आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडते. तशी ती उघडली पाहिजे. पातळी वर चढली, किंवा रिंगा झिजून चेंबरमध्ये धुराचा दाब वाढला, की तेल परत यायचं अडतं. टर्बोच्या आत तेल साचतं. आत आपल्या चाकाच्या हबसारखं रबरी सील नसतं. पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात, आणि तेल वाहून जातंय तोवरच त्या काम करतात. साचलं की तेल बाहेर येतं. एका बाजूनं सायलेन्सरमध्ये जातं आणि निळा धूर मारतं. दुसऱ्या बाजूनं इंजिनाच्या हवेच्या वाटेत शिरतं. डिझेल इंजिनाला जळायला स्पार्क लागत नाही. हवेबरोबर आलेलं तेल तेच इंधन म्हणून जाळतं, मग फेरे आपोआप चढत जातात. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण ते आता इंजेक्टरवर चालतच नसतं. हवा कोंडली तरच थांबतं, नाहीतर गाडी गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला तर. ‘फार तर काय होईल’ याचं टोक हे आहे.

हौशी : टोक खरं आहे, पण तिथं पोचायला वाट लांब आहे. इंजिन असं सुटतं तेव्हा टर्बो बहुतेक वेळा आधीच गेलेला असतो, किंवा ब्रीदरमधून तेलाचा लोंढा हवेच्या वाटेत जात असतो. त्यासाठीच मी कॅच कॅन लावलाय. ब्रीदरची वाफ आधी त्यात येते, तेल खाली बसतं. परतीची नळी मूळच्यापेक्षा मोठी घेतलीय, कुठंही आडवी जात नाही, कुठं वाकून खड्डा पडलेला नाही. टर्बोला जाणारं तेलही मोकाट सोडलेलं नाही, त्या टर्बोला जेवढं हवं तेवढंच जाऊ देणारा बारीक भोकाचा जोड घातलाय. तुम्ही म्हणता ते सगळं परतीच्या वाटेवर अवलंबून आहे, आणि ती वाट मी मोकळी केलीय.

भरण्याची पद्धतही ऐका. तेल बदलताना मी डब्यावर भरवसा ठेवत नाही. कूलर आणि नळ्या सोडवून पूर्ण रिकाम्या करतो. नवा फिल्टर. मोजून तीन लिटर भरतो. इंजिन सुरू होऊ न देता टर्बोपर्यंत तेल पोचेल इतका क्रँक मारतो, मग इंजिन सुरू करून गरम होऊ देतो, म्हणजे कूलर भरतो. बंद करून पाच मिनिटं थांबतो. मग डीपस्टिकची काडी बघून मापानं थोडं थोडं वर घालतो, नोंद करतो. हे ‘सगळा डबा आत’ नव्हे.

शंकेखोर : पद्धत चांगली आहे, आणि तीच तुझ्या पहिल्या वाक्याला खोडून काढते. तू म्हणालास, कूलरमध्ये पाऊण लिटर जातं म्हणून काडीच्या खुणेला अर्थ नाही. आता तूच सांगितलंस की कूलर भरल्यावर, इंजिन थांबवल्यावर, काडी बघून तेल पुरं करतोस. बाबा, पुस्तकात दोन वेगळ्या गोष्टी दिल्यात. एक माप, लिटरमध्ये. दुसरी पातळी, काडीवर. कूलर लावल्यानं माप वाढलं, पावणेचार लिटर झालं. पातळी कशाला वाढेल? क्रँक तिथंच आहे, चेंबर तेच आहे, परतीची नळी उघडते ते तोंड तिथंच आहे. चेंबरमधल्या तेलानं कुठवर यावं हे या तिघांवर ठरतं, कूलरमध्ये किती मावतं त्यावर नाही. जास्तीचं पाऊण लिटर कूलरमध्ये गेलं, तिथंच राहिलं, तर काडीवरची खूण जशीच्या तशी खरी आहे. मग ‘खुणेच्या थोडं वर’ कशासाठी?

(लेखकाला इथं शंकेखोराची बाजू वजनदार वाटते. तेल वाढवणाऱ्या बहुतेकांचा घोटाळा लिटर आणि रेघ एकच समजण्यात असतो. पण पुढच्या उत्तराला शंकेखोराकडं तयार जबाब नव्हता, हेही सांगायला हवं.)

हौशी : ‘तिथंच राहिलं तर.’ सगळी मेख त्या ‘तर’मध्ये आहे. कूलर कुठं बसवलाय त्यावर ठरतं. नळ्यांची तोंडं वर करून, खालच्या अंगाला बसवला तर इंजिन बंद केल्यावरही तो भरलेला राहतो. पण वर बसवला, किंवा तोंडं खाली ठेवली, तर गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं तेल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं. सकाळी काडी बघितली तर खुणेच्या चांगलं वर दिसतं. ते बघून एखाद्यानं काढून टाकलं, की इंजिन सुरू झाल्यावर तेल परत कूलरमध्ये चढतं आणि चेंबर खुणेच्या खाली जातं. एकाच गाडीची सकाळची पातळी जास्त आणि चालतानाची कमी. आता सांगा, यातली खरी कुठली?

आणि पुढं जाऊन विचारतो. काडी मुळात बघते काय? थांबलेलं इंजिन. इजा होते ती चालत्या इंजिनाला. चालताना बरंच तेल वर हेडमध्ये असतं, कप्प्यांतून खाली गळत असतं, बेअरिंगमधून उडत असतं. चेंबर तेवढं रिकामं झालेलं असतं. तीन लिटर तेल एका मिनिटात कितीदा फिरून येतं! त्या वेळी पातळी कुठं आहे, हे काडीला कधीच दिसत नाही. कंपनीनं ते प्रयोगशाळेत बघितलं, हिशेब केला आणि म्हणाली, थांबल्यावर इथं दिसलं तर चालताना ठीक असेल. म्हणजे खूण हा एक अंदाज आहे, एका विशिष्ट इंजिनाचा. माझ्या टर्बोतून जास्त तेल फिरतं, नळ्या लांब आहेत, तेल परत यायला वेळ लागतो. माझ्या इंजिनाचं चालतं चेंबर कंपनीच्या इंजिनापेक्षा रिकामं असणार. थोडं वर ठेवण्यामागं माझं कारण हे आहे.

शंकेखोर : कारण पटण्यासारखं आहे. पण ते तू मोजलेलं नाहीस, मानलेलं आहेस. कंपनीचा अंदाज मोजून केलेला होता. आणि ज्या काडीनं तू हे सगळं ठरवतोस ती आपल्या भागात सरळ उभी तरी राहते का? काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला विचार. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पोर्चमधला कोबा कधी एका कडेनं उचलला जातो तर कधी दुसऱ्या. तुझ्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं, म्हणजे चेंबरची लांब बाजू गाडीच्या रुंदीला धरून. एका बाजूची चाकं पाच सेंटिमीटर खाली असली, तर चाळीस सेंटिमीटर लांबीच्या चेंबरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेराएक मिलिमीटरचा फरक पडतो. काडी टोकाजवळ असेल तर पातळी सहा-सात मिलिमीटर खोटी. दोन खुणांतलं सगळं अंतरच दीड-दोन सेंटिमीटरचं.

शिवाय चेंबर. खडीवरून, खड्ड्यातून जाताना खालून दगड लागून पत्रा आत गेला नाही अशा किती गाड्या दाखवशील? पत्रा आत गेला की चेंबरची जागा कमी होते, तेवढंच तेल काडीवर जास्त दिसतं. पोचा पंपाच्या तोंडाखाली असेल तर तेल ओढायची फट बारीक होते. काडी म्हणते भरपूर आहे, पंप म्हणतो मिळत नाही. इथं ना तुझा अंदाज चालतो ना कंपनीचा.

हौशी : म्हणूनच एकच जागा, एकच वेळ, एकच रीत ठेवायची. कृषी विद्यापीठाच्या बाजूला मित्राची शेड आहे, तिथल्या फरशीवर मी गवंड्याची पाणसळ लावून बघितलीय. गाडी तिथंच लावतो, तोंड त्याच दिशेला. इंजिन चालून गरम झाल्यावर, बंद करून पाच मिनिटांनी. थंड आणि गरम तेलात फरक पडतो, तोही हिशेबात धरतो. वीस डिग्रीचं तेल शंभरला गेलं की पाच-सहा टक्के फुगतं. पावणेचार लिटरला दोनशे मिलिलिटर. डिसेंबरात आपल्याकडं पहाटेचा पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात चाळिशीपार, पण त्या फरकानं काडीवर फारसं हलत नाही; इंजिन गरम करून बघितलं की ऋतूचा प्रश्नच राहत नाही. चेंबरला खाली लोखंडी पत्रा लावलाय. तरी पोचा पडला तर मला कळेल, कारण माझ्याकडं वही आहे. मोजून भरलेलं तेल आणि काडीवरची जागा यांची जोडी मोडली की समजायचं, आत काहीतरी बदललं. एका दिवसाची पातळी मला काही सांगत नाही. हजार किलोमीटरला ती किती सरकते, ते सांगते.

शंकेखोर : आता खरं बोललास. पण सरकते कुठल्या बाजूला, तेही बघ. खाली गेली तर तेल जळतंय किंवा गळतंय; काही जर्मन कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत रीतसर मानतात, त्यामुळं नुसतं खाली जाणं हा आजार नव्हे. वर गेली तर? तेल काही विणत नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला. बऱ्याच डिझेल गाड्यांना सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ बसला. तो साफ करायला इंजिन अधूनमधून जास्तीचं डिझेल सोडून सायलेन्सर तापवतं, आणि त्यातलं काही लायनरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. स्टेशन ते बाजार, बाजार ते घर एवढंच चालणाऱ्या गाडीचं साफ करणं अर्धवट राहतं, परत सुरू होतं, परत अर्धवट. काडीवर तेल वाढत जातं. मालक खूश, गाडी तेल खात नाही म्हणून. प्रत्यक्षात तेलात डिझेल मिसळलेलं असतं, पातळ झालेलं. माझदानं अशा डिझेलसाठी काडीवर ‘एक्स’ म्हणून तिसरी खूणच केली, वरच्या खुणेच्याही वर. तिथवर आलं की बदला. पेट्रोलवाले सुटले असं नाही. होंडाच्या दीड लिटर टर्बो पेट्रोलला चीनच्या थंड भागात हेच झालं, तेलाची पातळी चढली आणि २०१८ मध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

तुझ्या जुन्या स्विफ्टला डीपीएफ नाही, ठीक. पण रिमॅपमध्ये इंजेक्टर जास्त डिझेल सोडतात. ते सगळं जळतं, याची खात्री कोण देतो? तू वरच्या खुणेच्या वर तेल ठेवलंस, तर उद्या डिझेल मिसळून वाढलेलं तेल आणि तुझं हौसेनं वाढवलेलं तेल यातला फरक काडी तुला कसा दाखवणार?

हौशी : हे मात्र टोचलं. वास घेतो मी, आणि पांढऱ्या गाळण कागदावर थेंब टाकून ठेवतो. डिझेल असलं तर काळ्या डागाबाहेर फिकट कडं पसरतं. पण थोडंथोडकं मिसळलेलं त्यानं पकडता येईल असं छातीठोक सांगणार नाही. वर ठेवलं की वाढ दिसायला जागाच उरत नाही, हा मुद्दा मी धरतो. खुणेच्या थोडं खाली ठेवलं तर दोन्ही बाजूंचं सरकणं दिसेल.

पण तुमच्याच उदाहरणातून माझंही एक निघतं. कंपनीची खूण तुम्ही देवाच्या पायरीसारखी धरून बसला होतात. त्याच कंपन्यांना पुढं तिसरी खूण करावी लागली, गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बीएमडब्ल्यूनं तर कितीतरी गाड्यांमधून काडीच काढून टाकली. पातळी पडद्यावर दिसते, तीही इंजिन चालू ठेवून. ड्राय संपच्या, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या जुन्या पोर्शेत तेल गरम करून, इंजिन चालू असतानाच बघावं लागतं. बंद करून बघितलं तर चुकीचं दिसतं. म्हणजे ‘बंद करा, पाच मिनिटं थांबा, दोन रेघांच्या मध्ये’ हा काही निसर्गाचा नियम नाही. प्रत्येक इंजिनाचा वेगळा करार आहे. मी इंजिन बदललं, तेव्हा करारही माझा मला लिहावा लागणार.

शंकेखोर : लिही. पण करार दोघांत होतो. तुझ्या करारात दुसरी बाजू कुठंय? कंपनीच्या खुणेमागं वॉरंटी आहे, सर्व्हिसचं पुस्तक आहे, कुठल्याही गावातल्या मिस्तरीला कळणारी रीत आहे. तुझ्या खुणेमागं तू एकटा. कायद्याचं जास्त बोलत नाही, पण माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: मालकानं नियमाबाहेर फेरफार केला तर प्रत्येक फेरफारामागं पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टर्बो, रिमॅप, काय काय धरतील त्याचा हिशेब तू कर. आणि इंजिन बसून अपघात झाला तर विमा कंपनीला काय सांगशील, तेही ठरवून ठेव.

माझी काळजी साधी आहे. या स्विफ्ट डिझेलचं जुन्या बाजारात काय होतं तुला ठाऊक आहे. २००७ मध्ये आली, २०२० मध्ये मारुतीनं डिझेलच बंद केलं, आणि तेव्हापासून जुन्या गाड्या हातोहात फिरतायत. एवढं मायलेज आणि एवढी ओढ परत मिळणार नाही, म्हणून. तुझीही उद्या विकली जाईल, पूर्णेला जाईल नाहीतर पालमला. घेणारा पुस्तक बघून तीन लिटर भरायला सांगेल. कूलर भरला की चेंबरमध्ये उरेल सव्वादोन. किंवा मिस्तरी काडीवर तू कानशीनं करशील ती खूण बघेल आणि म्हणेल, ही कसली, घासलेली दिसतेय. तुझ्या वहीत सगळं लिहिलेलं असेल, पण वही गाडीबरोबर कोण देतं?

हौशी : कागदपत्रांचं तुमचं बरोबर आहे, त्यावर वाद घालणार नाही, मला तो धोका घेऊनच चालावं लागतं. विकायची वेळ आली तर मूळचा टर्बो परत बसवून, कूलर काढून विकेन. जुना टर्बो जपून ठेवलाय. तोवर माझी खूण माझ्यासाठी. आणि आता ती कुठं करायची हे तुमच्याशी बोलता बोलता बदललंय, हे कबूल करतो. वरच्या खुणेच्या वर नाही. तिच्या खाली, एक चतुर्थांश अंतरावर.

शंकेखोर : एवढं खाली कशाला?

हौशी : आत्ता तर तुम्ही जास्त तेलावर तासभर बोललात!

शंकेखोर : जास्तीवर बोललो, म्हणून कमी चालतं असं कुठं म्हणालो? या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिचा ताण तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर सांभाळतो. तेल मुळात तीन लिटर, त्यातलं तू म्हणतोस तसं चालताना कितीतरी वर असतं. अशा लहान चेंबरला पाव लिटरही मोठं. तुझा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेणारा, आणि तूच म्हणालास की तेल परत यायला वेळ लागतो. मग खाली ठेवल्यावर भर उन्हात तासभर चालून गतिरोधकापुढं ब्रेक दाबलास, तर पंपाचं तोंड उघडं पडणार नाही हे तू कशावरून सांगतोस? वर ठेवण्याला तू जी कारणं दिलीस ती काही खोटी नव्हती. ती अजून तिथंच आहेत.

हौशी : मग वरच्या खुणेवर बरोबर ठेवू?

शंकेखोर : मी सांगणार नाही. मला तुझं चालतं चेंबर दिसत नाही.

हौशी : तेलाच्या दाबाचा मीटर लावतो. ब्लॉकवर न लावता टर्बोला जाणाऱ्या नळीवर जोड घालून लावतो, म्हणजे टर्बोच्या दाराशी किती दाब आहे ते दिसेल. तापमानाचा वेगळा. पातळी थोडी थोडी बदलून बघतो. ब्रेक मारताना काटा थरथरला तर तेल कमी, एकसारख्या वेगात काटा हळूहळू पडत गेला तर फेस.

शंकेखोर : काटा पडायला तेल तापून पातळ होणं हेही कारण असतं.

हौशी : म्हणून तापमानाचा मीटर. दोन्ही एकत्र वाचायचे.

शंकेखोर : वाच. दाब सांगेल टर्बोत काय जातंय. बाहेर काय येतंय ते कोण सांगणार? तुझ्या टर्बोचा जीव परतीच्या नळीत आहे, आणि तिथं दाबच नसतो, तर मीटर काय दाखवेल? तिथं तेल भरून वाहतंय की अडून बसलंय, हे तुला धूर निघाल्यावरच कळणार.

हौशी : परतीच्या नळीत थोडे दिवस काचेचा तुकडा बसवून बघता येईल. उभ्या गाडीत, बॉनेट उघडं ठेवून, फेरे चढवून.

शंकेखोर : उभ्या गाडीत भार कुठून आणशील?

हौशी : डायनोवर चढवली तर आणता येईल. त्यासाठी गाडी पुण्याला न्यावी लागेल.

शंकेखोर : नेताना तेल कुठल्या खुणेवर ठेवणार आहेस?